पदवीधरांचा मतदारसंघ : नोंदणी अर्जापासून मतपत्रिकेपर्यंत



नवी मुंबईच्या नागरिकाला लोकसभा, विधानसभा आणि महापालिका या तीन निवडणुका चांगल्या परिचयाच्या आहेत. चौथी निवडणूक मात्र सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यावरून अनेकदा निमूट निघून जाते. ती आहे विधान परिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघाची. वाशीचा खाडीपूल ओलांडला की हा मतदारसंघ सुरू होतो आणि पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे कवेत घेऊन गोव्याच्या सीमेपर्यंत पोहोचतो. त्याचे प्रशासकीय केंद्र मात्र आपल्या शेजारीच, बेलापूरच्या कोकण भवनात आहे. विभागीय आयुक्त हेच या निवडणुकीचे निर्णय अधिकारी असतात.

राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतील एक द्वादशांश जागा पदवीधरांकडे सोपविल्या. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत. पदवीधराला हा वेगळा अधिकार कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो आणि तो अगदीच गैरलागू नाही. शेतात राबणाऱ्याचे शहाणपण पदवीवाल्यापेक्षा उणे असते, असे कोण म्हणेल? ब्रिटनने आपले विद्यापीठीय मतदारसंघ १९४८च्या कायद्याने मोडीत काढले. आपल्या घटनाकारांनी ही तरतूद ठेवली, ती विधेयकांचा बारकाईने विचार करणारी माणसे वरिष्ठ सभागृहात यावीत या अपेक्षेने. म्हणजे हा अधिकार नव्हे, ही एक सोपविलेली जबाबदारी आहे. ती पार पाडली जाते की नाही, यावरच तिचे समर्थन अवलंबून राहील.

या अपेक्षेला उतरलेली परंपरा महाराष्ट्राला आहे. कोकणातून १९९४ ते २००६ अशी दोन सत्रे प्रा. अशोक मोडक यांच्यासारखा व्यासंगी अभ्यासक परिषदेत होता. नागपूरने नितीन गडकरी यांना, तर पुण्याने प्रकाश जावडेकर यांना याच वाटेने सभागृहात पाठविले. परंतु परंपरा म्हणजे वतन नव्हे. २०१२ साली कोकणची जागा हातून गेली. २०२० साली नागपूर आणि पुणे हे दोन्ही पदवीधर मतदारसंघ एकाच वेळी गेले. ज्यांनी हे गड अभेद्य मानले होते, त्यांना तो मोठा धडा होता.

या मतदारसंघाचे पहिले वैशिष्ट्य असे, की याची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी कोऱ्या कागदावर नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे, मतदार ओळखपत्र खिशात आहे, मागील वेळी मतदानही केले आहे, यांपैकी कशाचाही उपयोग नाही. अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरावा लागतो आणि पदवीचा पुरावा पुन्हा जोडावा लागतो. म्हणूनच येथे अर्धी लढाई प्रचारापूर्वीच लढली जाते. २०१८ साली कोकणची यादी सुमारे १ लाख ४ हजारांची होती. २०२४ साली ती २ लाख २३ हजारांच्या पुढे गेली. ही वाढ आपोआप झालेली नाही. दारोदार अर्ज घेऊन फिरलेल्या कार्यकर्त्यांचे श्रम तिच्यामागे आहेत. त्या यादीत एकट्या ठाणे जिल्ह्याचे ९८ हजारांहून अधिक मतदार होते, तर सिंधुदुर्गाचे साडेअठरा हजारांच्या आसपास. नगरांच्या जागृतीवर या निवडणुकीचे भवितव्य किती अवलंबून आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता दुसरी बाजू पाहू. २६ जून २०२४ रोजी मतदान झाले, ते सुमारे ६४ टक्के. म्हणजे स्वतः अर्ज भरून नोंदलेल्यांपैकी जवळजवळ ८० हजार पदवीधर मतदान केंद्राकडे फिरकलेच नाहीत. नेरूळच्या आगरी-कोळी संस्कृती भवनात मतमोजणी झाली. निरंजन डावखरे यांनी पहिल्या पसंतीची लाखाहून अधिक मते घेऊन ६६,०३६चा कोटा सहज पार केला. पण त्याच मोजणीत ११ हजारांहून अधिक मतपत्रिका अवैध ठरल्या. दर तेरा मतपत्रिकांमागे जवळजवळ एक बाद, आणि तीही पदवीधरांची! त्याच वर्षी बेलापूर विधानसभेचा निकाल अवघ्या ३७७ मतांनी लागला होता, हे स्मरले म्हणजे ११ हजारांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

असे का होते? येथे मतदान यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते. आपल्या उमेदवारासमोर '१' हा अंक लिहावा लागतो. पुढच्या पसंती २, ३ अशा क्रमाने देता येतात. बरोबरची खूण, फुली, स्वाक्षरी, अक्षरी लिहिलेला 'एक' किंवा स्वतःच्या खिशातले पेन, यांपैकी काहीही चालत नाही. केंद्रावर मिळणारे जांभळ्या शाईचे पेनच वापरायचे. पहिली पसंती नोंदविली नाही, किंवा १ हा अंक दोघांपुढे लिहिला, तर मत वाया जाते. दहा मिनिटांत समजावून सांगता येईल एवढीच ही गोष्ट आहे. ती कुणी सांगितली नाही म्हणून हजारो मते कचऱ्यात जावीत, हे संघटित समाजाला शोभणारे नाही.

पुढील निवडणूक २०३० साली अपेक्षित आहे. त्यासाठी १ नोव्हेंबर २०२९ हा अर्हता दिनांक ठरेल आणि त्यापूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असणे आवश्यक राहील. म्हणजे २०२६च्या ऑक्टोबरअखेर पदवी मिळविणारा तरुणही त्या वेळी मतदार होऊ शकेल. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींना नावबदलाचा पुरावा जोडावा लागतो. तो कागद आयत्या वेळी सापडत नाही आणि नोंदणी राहून जाते. नव्या नगरात बिऱ्हाडे वारंवार बदलतात, सोसायटीतील निम्मी कुटुंबे सहा वर्षांनी वेगळ्या पत्त्यावर असतात. भारतातील कोणत्याही विद्यापीठाची पदवी येथे ग्राह्य असते, हे अन्य प्रांतांतून येऊन खारघर-ऐरोलीत स्थिरावलेल्या शेजाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

म्हणून काम साधे आहे. प्रत्येकाने आपल्या इमारतीतील पदवीधरांची सूची करावी, वेळ आली की अर्ज भरून घ्यावेत आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात मतपत्रिका कशी भरायची ते घरोघरी दाखवावे. भिंतीवर चौकटीत लावलेले पदवीपत्र घराची शोभा वाढविते. वर्षातून नव्हे, सहा वर्षांतून एकदा ते खाली उतरवून त्याची प्रत अर्जाला जोडली, तर त्याच पदवीपत्राने लोकशाहीचीही सेवा घडेल.