डोंगरावरचा पहारा



दरड एका क्षणात कोसळते, असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नाही. पुष्कळदा ती आधीच सरकू लागलेली असते. बोटभर, वीतभर, मग हातभर. आपल्याला ते कळत नाही, कारण कालचा कडा नेमका कोठे होता हे डोळ्यांना आठवत नाही. कॅमेऱ्याला आठवते, एवढाच त्याचा मोठेपणा.

युक्ती साधी आहे. समोरच्या स्थिर खडकावर कॅमेरा पक्का बसवायचा आणि त्याच कड्याची छायाचित्रे घेत राहायचे. दोन चित्रांतील बारीक चौकोन संगणक एकमेकांशी ताडतो आणि कोणता चौकोन किती ठिपके सरकला ते सांगतो. कड्याचे अंतर ठाऊक असले की ठिपक्यांचे सेंटिमीटर करता येतात. एका दिवसाच्या आकड्याला मात्र फारशी किंमत नाही. वेग रोज वाढतो आहे काय, हे पाहायचे.

स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन गावाच्या वरचे शिखर मे २०२५ मध्ये ढासळू लागले. त्याचा खडक खालच्या बर्च हिमनदीवर साचला आणि त्या भाराने ती पुढे रेटली जाऊ लागली. डोंगरावर पाळत होती. १९ मे रोजी सुमारे ३०० माणसांना गाव सोडायला लावले. एक जखमी गाय तर हेलिकॉप्टरने नेली. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव गाडले गेले. एक माणूस दगावला, बाकीचे वाचले. मधले नऊ दिवस आपली घरे धडधाकट उभी असताना ते लोक बाहेर राहिले. मला यंत्रापेक्षा या नऊ दिवसांचे कौतुक अधिक वाटते.

आमच्या सह्याद्रीत हे चालेल काय, असे आपण विचाराल. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, १५१ माणसे गेली. आणि गाव दिसत नाही ही बातमी बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने! पण तेथे कॅमेरा असता तरी धो धो पावसात आणि धुक्यात त्याला काय दिसले असते? इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी दरड आली ती रात्री. शिवाय आमच्या उतारांवर झाडी आणि गवत. पाण्याने जड झालेली माती खालून सुटते ती दिसतच नाही. तेव्हा उघड्या कातळाच्या घाटकड्यांवर कॅमेरा जरूर लावावा. मातीच्या उताराखाली मात्र आधी पर्जन्यमापक हवा, आणि किती पाऊस पडला की वाडीने उठायचे, तो आकडा मृगाआधीच घराघरांत ठाऊक हवा.