कानाचा अभ्यास
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीतली माणसं. रिंगफ्रेमपुढं तीस वर्षं उभं राहिलं की माणूस कानानं कमी आणि समोरच्याच्या ओठांवरून जास्त ऐकतो. असल्या माणसांनी ऐकण्याच्या परीक्षेवर बोलावं, हे हसण्यासारखंच आहे. पण गोष्ट आमच्या घरातच घडली, म्हणून बोलतो.

शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पण आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा. आमच्या पुतणीनं आयेल्ट्स दिली. वाचनात साडेसहा, लेखनात सहा, ऐकण्यात साडेपाच. विद्यापीठाला प्रत्येकात सहा हवे होते. अर्ध्या बँडानं पोरगी अडली. फी तेव्हा सतरा-अठरा हजारांच्या घरात होती. संगणकावर परीक्षा दिली असेल तर तेवढा एकच भाग पुन्हा देता येतो, पण तोही फुकट नाही, आणि तोवर प्रवेशाची मुदत उलटून गेली.

पोरगी काय ढ आहे? नाही. पुस्तकातलं इंग्रजी तिला येतं. पण वस्तीत तिच्या कानावर इंग्रजी पडलंच कुठं? ज्याचा बाप फोनवर इंग्रजीत बोलतो, त्याचा हा अभ्यास जेवता-जेवता होतो. आपल्याला तो बसून करावा लागतो, एवढाच फरक.

मग आम्ही तिच्याबरोबर बसलो. परीक्षा अशी : चार भाग, 40 प्रश्न, सुमारे 30 मिनिटं, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. पहिल्या भागात दोन माणसं बोलतात, खोली भाड्यानं घेणं वगैरे. नाव एकेक अक्षर सांगतात, फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात. इथं 'थर्टीन' की 'थर्टी' याच्यातच गुण जातात. पहिल्यात जोर शेवटावर, दुसऱ्यात सुरुवातीला. आणि बोलणारा मंगळवार म्हणतो, लगेच म्हणतो नाही नाही, गुरुवार. आपली मुलं मंगळवार लिहून मोकळी! चौथा भाग म्हणजे वर्गातलं व्याख्यान, मध्ये थांबा नाही. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते अशाच व्याख्यानांना बसायला.

उच्चारांचं तर विचारूच नका. इंग्लंडचा माणूस 'कार'मधला 'र' गिळतो. ऑस्ट्रेलियाचा 'डे' आपल्याला 'डाय' ऐकू येतो. स्पेलिंग चुकलं की गुण गेला, शेवटचा 'एस' राहिला तरी गेला. दोनच शब्द लिहा म्हटलं असताना तीन लिहिले, तरीही गेला.

परीक्षा घेणाऱ्यांचेच नमुने मोबाइलवर फुकट मिळतात. आमची रीत अशी : आधी प्रश्न वाचायचे, मग फीत एकदाच, न थांबवता. एक उत्तर हुकलं तर त्याच्यामागं धावायचं नाही, पुढचं धरायचं. तुटलेल्या तारेशी फार वेळ घालवला तर पुढच्या चार तुटतात, हे गिरणीत आम्ही रोज बघितलं. मग उत्तरं तपासायची. त्यानंतर छापील संवाद हातात धरून पुन्हा ऐकायचं, जिथं चुकलं तिथं पाच वेळा, आणि तोंडानंही म्हणायचं. चुकलेले शब्द वहीत. दोन महिन्यांत पोरीची 40 पैकी 19 वरून 27 उत्तरं बरोबर यायला लागली. आमची अजून 9 च्या वर जात नाहीत, तो भाग वेगळा.

हे आम्हाला एवढं का लागलं, तेही सांगतो. तरुणपणी एका कचेरीत कामगारांच्या वतीनं आम्ही तिघे गेलो होतो. कागद आम्ही आधी शब्दकोश घेऊन वाचला होता, प्रत्येक कलम पाठ. पण टेबलापलीकडचे दोघे आपसात भराभर इंग्रजी बोलायला लागले, आणि आम्हाला एक वाक्य धरता येईना. 'पुन्हा बोला' म्हणायची लाज वाटली. सही करून आलो. काय ठरलं ते आठवड्यानं पगारपत्रकावर कळलं.

परदेशी जायचं नसेल त्यांनीही यावं. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत बसायचं ठरलं आहे. स्पीकर आम्ही आणतो. मुलांनी वही आणि पेन्सिल आणावी, आणि आयाबायांनी तेवढा एक तास बाहेरचा नळ बंद ठेवावा, भांड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

जयभीम.