प्रदर्शनांतील नमुन्याची चोरी



आमच्या हिंगोलीस दसऱ्याच्या दिवसांत रामलीला मैदानावर मोठें प्रदर्शन भरतें. या दसरा महोत्सवाची परंपरा दीडशें वर्षांहून अधिक जुनी आहे. लहानपणीं आम्ही तेथें जात असूं तें पाळण्यांत बसण्यासाठीं आणि रावणाचें दहन पाहण्यासाठीं. पुढें वय वाढलें तसे पाय यंत्रांच्या दालनांकडे वळूं लागले. यंत्राभोंवतीं एक फेरी घालावी, दांडा फिरवून पाहावा, किंमत विचारावी आणि कांहीं एक विकत न घेतां पुढच्या दालनांत शिरावें, हा आम्हां शाळामास्तरांचा प्रदर्शन पाहण्याचा ठरीव रिवाज. अशा फुकट्या प्रेक्षकांमुळें दालनवाल्याचें कांहीं जात असेल, असें मला कधीं वाटलें नव्हतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर ओढवलेल्या प्रसंगानें ती समजूत बदलून टाकली. तोच प्रसंग आज सांगणार आहें.

हा विद्यार्थी वसमत तालुक्यांतील एका हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. वसमतच्या हळदीला 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां तिची थोरवी मीं वर्णावयास नको. पण शहरांतील श्रोत्यांची व तिची गांठ स्वयंपाकघरांतील डब्यांतच पडते, म्हणून थोडें सांगतों. जमिनींतून काढलेले कंद शिजवावे लागतात, उन्हांत कित्येक दिवस वाळवावे लागतात, मग फिरत्या पिंपांत घालून घासावे लागतात. तेव्हां कोठें त्यांवर तो पिवळा तजेला चढतो. त्यानंतर निवडण्याचें काम. लांबट हळकुंडें एका बाजूस, वाटोळे गड्डे दुसऱ्या बाजूस, बारीक माल तिसऱ्या बाजूस; कारण प्रत्येकाचा भाव निराळा. या कामास बायका बसतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाठ वांकवून, नाकातोंडांत हळदीची धूळ घेत त्या निवडीत असतात. या मुलाची आई त्याच कामांत म्हातारी झाली.

शाळेंत असतांना तो गणितांत बेताचाच होता. मीं त्याला बांकावर उभेंहि केलें होतें, हें येथें कबूल केलेलें बरें. पण हात मोठा कसबी. त्यानें हळद निवडण्यासाठीं एक यंत्र योजिलें. पत्र्याच्या नळकांड्यासारखी एक फिरती जाळी. तिला नेहमींच्या चाळणीसारखीं गोल छिद्रें नव्हेत, तर लांबट व किंचित् तिरप्या चिरा. ती फिरे सायकलच्या साखळीनें. आणि तिचा उतार एका स्क्रूनें कमीजास्त करतां येई. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु चिरेची रुंदी किती असावी आणि तिरपेपणा किती, हें साधेपर्यंत त्याचीं तीन वर्षें गेलीं व अकरा जाळ्या वाया गेल्या. बारावी जाळी जमली. तिच्या आधारानें त्यानें निम्म्या आकाराचा एक नमुना तयार केला आणि परजिल्ह्यांतील एका कृषिप्रदर्शनांत भाडें भरून एक दालन घेतलें. ही गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची.

प्रदर्शन चार दिवसांचें होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो दालनांत जाऊन पाहतो तों सांगाडा जागेवर, साखळी जागेवर, फलक जागेवर आणि जाळी तेवढी नाहींशी झालेली! जो तो म्हणूं लागला कीं, चोर माहीतगार असला पाहिजे. नेमका यंत्राचा प्राण काढून नेला आहे. मलाहि तसेंच वाटलें.

पोलीस ठाण्यांत मी त्याच्याबरोबर गेलों होतों. तक्रार लिहून घेणारे हवालदार सज्जन होते. त्यांनीं विचारलें, "गेलेल्या मालाची किंमत किती?" मुलगा म्हणाला, "साहेब, तीन वर्षें." हवालदार क्षणभर थांबले व म्हणाले, "वर्षें कागदावर मांडतां येत नाहींत. रुपये सांगा." शेवटीं पत्रा, कटाई व मजुरी मिळून नऊशें रुपये लिहिले गेले.

त्या हवालदारांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. चोरीचा कायदाच तसा आहे. 1860 च्या दंडसंहितेनें चोरी म्हणजे जंगम मालमत्ता लबाडीनें उचलून नेणें अशी व्याख्या केली, आणि 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येंहि तीच व्याख्या आहे. जाळी जंगम आहे. जाळींतील युक्ति जंगम नाहीं. शिवाय या नव्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, चोरलेल्या मालाची किंमत पांच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्यानें माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. पोटासाठीं हात मारणाऱ्या किरकोळ चोराविषयीं ही दया योग्यच म्हणतां येईल. पण नमुन्याच्या बाबतींत तिचा अर्थ असा होतो कीं, जी वस्तु जगांत एकच आहे तिचा भाव कायद्याच्या तराजूंत भंगारापेक्षां फारसा वर जात नाहीं.

असे प्रसंग खेड्यांतल्या मंडपांतच घडतात असें मात्र कोणीं समजूं नये. सन 2017 च्या जानेवारींत अमेरिकेंतील लास व्हेगास येथें इलेक्ट्रॉनिक वस्तूंचें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें होतें. रेझर नांवाच्या कंपनीनें तेथें तीन पडद्यांचा एक लॅपटॉप मांडला. बाजारांत तो आलेला नव्हता. केवळ नमुनाच होता. प्रदर्शन संपण्याच्या सुमारास असे दोन नमुने नाहींसे झाले. कंपनीचे प्रमुख मिन-लियांग टॅन यांनीं ही गोष्ट स्वतः जाहीर केली, औद्योगिक हेरगिरीचा संशयहि बोलून दाखविला, आणि चोराचा माग लावून देणाऱ्यास कंपनीनें 25,000 डॉलरांचें बक्षीस लावलें. तेथें पहारेकरी होते, डोळ्यांत तेल घालून पाहणारे कॅमेरे होते, पैशाची वाण नव्हती. आणि तरीहि नमुने गेले. आमच्या मुलाच्या दालनाला तर एक कनात होती आणि तिला सुतळीची गांठ होती.

वस्तु सांभाळण्याची विद्या माणसानें फार पुढें नेली आहे. लंडनमध्यें 1851 सालीं पहिलें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें, तेव्हां आपल्या येथून गेलेला कोहिनूर हिरा तेथें मांडलेला होता. त्याच्यासाठीं चब नांवाच्या प्रसिद्ध कुलूपवाल्यांकडून खास पिंजरा करून घेतला होता. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं त्याच शहरांत हॉब्ज नांवाच्या एका अमेरिकन कारागिरानें त्या चबचें कुलूप सर्वांसमक्ष उघडून दाखविलें. ब्रामाच्या दुकानांत तर अनेक वर्षें एक कुलूप टांगलेलें होतें. तें जो किल्लीवांचून उघडील त्यास 200 गिनींचें बक्षीस होतें. हॉब्जनें सोळा दिवसांत मिळून 51 तास खटपट करून तेंहि उघडलें व बक्षीस घेतलें.

पण त्या प्रदर्शनाच्या वेळीं कारखानदारांना खरी धास्ती कुलुपांची नव्हती, पाहणाऱ्या डोळ्यांची होती. मांडलेल्या यंत्राची रचना कोणीहि उचलावी आणि पुढें मूळ कर्त्याला कायद्यानें म्हणावें कीं, तुझी वस्तु तर जगानें आधींच पाहिली, आतां ती नवी कशी? हें ओळखून ब्रिटिश पार्लमेंटनें 1851 सालींच एक कायदा करून प्रदर्शनांत मांडलेल्या शोधांना तात्पुरतें संरक्षण दिलें. पुढें 1873 सालीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनास येण्यास परदेशी शोधक कचरूं लागले, तेव्हां ऑस्ट्रियानेंहि तसाच खास कायदा केला. आणि त्यांतूनच जी बोलणीं सुरू झालीं तीं 1883 च्या पॅरिस करारापर्यंत पोंचलीं. प्रदर्शनांत मांडलेल्या शोधांना तात्पुरतें संरक्षण द्यावें, असें त्या कराराचें अकरावें कलम सांगतें. आपल्याकडेहि त्याच 1883 सालीं कलकत्त्यास आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, आणि त्याच वर्षीं मांडलेल्या शोधांचें नावीन्य अबाधित राहावें म्हणून कायदा झाला. नमुना दाखविण्यांत धोका आहे, हें ज्ञान कांहीं नवें नाहीं. तें आमच्या गांवांपर्यंत पोंचलें नाहीं, एवढेंच.

"जें जगासमोर आलें तें नवें नव्हे," हा पेटंटच्या कायद्याचा पाया आहे. या नियमानें आमच्या हळदीवर मोठे उपकार केले आहेत. 1995 सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोघां संशोधकांना जखमा बऱ्या करण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिळालें होतें. कापलें कीं हळद चेपावी, हें ज्ञान आपल्याकडे शाळेंत जाण्यापूर्वींच मिळतें. त्यासाठीं अमेरिकेला विचारण्याची वेळ आली! त्या वेळीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेनें जुने ग्रंथ व लेख धुंडाळून 32 पुरावे पुढें केले आणि 1997 च्या ऑगस्टमध्यें तें पेटंट रद्द करविलें. हा उपयोग जगाला आधींच ठाऊक होता, म्हणून तो नवा नव्हे, असा तो निकाल. आम्हीं त्या वेळीं शाळेंत हें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविलें होतें. ज्या नियमानें हळद सोडविली तोच नियम हळद निवडणाऱ्या यंत्राच्या आड येईल, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

त्या चोरीचा छडा दोन महिन्यांनीं लागला. जाळी एका भंगाराच्या दुकानांत सांपडली. ती नेणारा कोणी हेर नव्हता कीं कारखानदाराचा हस्तक नव्हता. मंडपाच्या कामावरचा एक पोरगा होता. सांगाड्याला जाळी चार बोल्टांवर बसविलेली होती, ती सुटली म्हणून त्यानें ती नेली. सांगाडा जड होता म्हणून ठेवला. वजनावर त्याला शेंसव्वाशें रुपये मिळाले होते. आम्ही सगळे ज्याला माहीतगार समजत होतों तो असा निघाला. मुलानें त्याच्याविषयीं फार राग धरला नाहीं.

राग आला तो पुढच्या हंगामांत. दुसऱ्या एका प्रदर्शनांत अगदीं तसेंच यंत्र मांडलेलें त्याला दिसलें. तशाच लांबट तिरप्या चिरा. फक्त सायकलच्या साखळीऐवजीं विजेची मोटार. मांडणारे गृहस्थ त्याला ओळखून हंसतमुखानें म्हणाले, "अहो, तुमच्याच दालनांत पाहिलें होतें. फोटोहि काढला होता. तुम्हीच तर चहा पाजलात!" यांत खोटें कांहीं नव्हतें. गृहस्थ पहिल्याच दिवशीं आले होते, बारीकसारीक विचारून गेले होते, आणि यानें शाळेंतल्या मुलाला शिकवावें तशा उत्साहानें त्यांना चिरेची रुंदीसुद्धां सांगितली होती. जाळी चोरीला जाण्याच्या आधीं दोन दिवस ही चोरी उरकली होती. आणि तिला चोरी म्हणावयास कायद्यांत कलम नव्हतें.

आम्ही एका जाणकार वकिलांकडे गेलों. त्यांनीं 1970 च्या पेटंट कायद्याचें एकतिसावें कलम काढून दाखविलें. प्रदर्शनांत वस्तु मांडली तरी बारा महिन्यांच्या आंत अर्ज केल्यास तिचें नावीन्य जात नाहीं, असें तें कलम म्हणतें. आमचे चेहरे उजळले. मग त्यांनीं पुढची ओळ वाचली: केंद्र सरकारनें राजपत्रांत अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनास हें कलम लागू केलें असेल, तेवढ्यापुरतेंच. आमचें प्रदर्शन त्यांतलें नव्हतें. लबाडीनें माहिती काढून प्रसिद्ध केली असती तर कायदा कांहीं आधार देतो. परंतु येथें तर मालकानेंच सर्व उघड करून दाखविलें होतें.

खरी वाट निराळीच होती, आणि ती सोपी होती. शेतीच्या पद्धतीला आपल्या कायद्यांत पेटंट मिळत नाहीं, परंतु यंत्राला मिळूं शकतें. प्रदर्शनाला जाण्यापूर्वीं त्यानें मुंबईस अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाकडे तात्पुरत्या वर्णनासह अर्ज केला असता, तर त्या दिवसाची तारीख त्याच्या नांवावर लागली असती आणि संपूर्ण वर्णन देण्यास बारा महिने मिळाले असते. एकट्या माणसाला हा अर्ज संगणकावरून 1,600 रुपयांत करतां येतो. दालनाचें भाडें त्याहून अधिक होतें. मीं त्याला भूमिति शिकविली, निबंध शिकविला, पोष्टाचा फॉर्म भरावयास शिकविला. हें शिकविलें नाहीं, कारण मलाच ठाऊक नव्हतें.

जुनें यंत्र गेलें तें गेलेंच. न्यायालयानें सोडलेली ती जाळी त्याच्या गोठ्याच्या भिंतीला टांगलेली आहे. तिची एक बाजू भंगारवाल्यानें चेपून टाकली आहे. पण मुलगा स्वस्थ बसणारा नव्हे. हळकुंडें चिरेंत अडकून जाळी तुंबते, हा जुना दोष काढण्यासाठीं त्यानें आंतून फिरणारा एक ब्रश बसविला आहे, आणि तो बसविण्याची तऱ्हा मोठी नामी आहे. ती कशी, हें मीं येथें सांगूं नये, असें त्यानें मला बजावलें होतें. परंतु गेल्या महिन्यांत अर्जाची पावती आल्यावर त्यानें तें बंधन काढून टाकलें. त्या पावतीची एक प्रत त्यानें दालनांत यंत्राच्या बाजूला चिकटविली आहे. कोणी "फोटो घेऊं का?" असें विचारलें, तर आतां तो स्वतः बाजूला सरतो आणि म्हणतो, "घ्या."