तळवे उलटे करून बघा

मी रायपूरहून, पंडरीतून बोलतोय. आमचा कापड बाजार या भागात प्रसिद्ध आहे. तिथे दिवसभर उभं राहणाऱ्यांची पहिली तक्रार असते पायांची. आज पायांबद्दलच सांगायचं आहे.

फौजेत लांब रूट मार्च झाला की जवानांचे पाय तपासतात. बूट-मोजे काढायचे, तळवे दाखवायचे. घरी मात्र आपण स्वतःचे तळवे वर्षानुवर्षं बघत नाही.

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग. दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारा. तो उन्हामुळे गोऱ्यांनाच होतो, असा आपला समज. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. दुखतही नाही, म्हणून लोक त्याला कुरूप, चामखीळ किंवा ठेच समजतात.

जमैकाचा गायक बॉब मार्ली आठवा. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा त्रास फुटबॉलची दुखापत वाटला. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं. अंगठा काढायला त्याने नकार दिला. १९८० मध्ये रोग मेंदूपर्यंत पोचला होता. ११ मे १९८१ रोजी तो गेला. वय फक्त ३६.

या रोगात गाठ त्वचेत किती खोल गेली, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत सापडली तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने भागतं. चारच्या पुढे गेली की धोका फार वाढतो. म्हणजे उशीर हाच खरा शत्रू.

मग ओळखायचं कसं? नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. डाग जागचा हलत नसेल, काळा पट्टा रुंद होत असेल, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका. तळव्यावरचा डाग वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय किंवा जखम महिनाभरात भरत नाही, तरीही तेच. काही वेळा ही गाठ काळी नसून गुलाबी असते.

ब्लेडने कापू नका, कुरूपाची पट्टी लावत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि बायप्सी लागेल का, हे स्पष्ट विचारा. बायप्सीने कॅन्सर पसरतो, ही भीती सोडा. रायपुरात मेकाहारा आणि एम्स आहे, नागपुरात तुकडोजी रुग्णालय, मुंबईत टाटा.

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात बसून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. आई-वडिलांना वाकता येत नसेल तर त्यांचे पाय तुम्ही बघा. दोन मिनिटांचं काम आहे. जय हिंद.