काय कळलं ते सांग

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांचा फोन आला, "तू विमानांचं काहीतरी करतेस ना? त्यावर दहा मिनिटं बोल." खरं सांगायचं तर मी विमान चालवत नाही. हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, ज्या पडद्यासमोर बसतो, त्या पडद्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये मी काम करते. त्या निमित्तानं ही माणसं कशी बोलतात ते जवळून ऐकायला मिळालं. आणि ऐकताना मला आपल्या गणिताच्या बाई आठवत राहिल्या.

काल आपली एक मैत्रीण दुबईहून मुंबईला उतरली. तिला वाटलं असेल, टॉवरमध्ये बसलेल्या कुणीतरी विमान उतरवलं. पण टॉवरकडे फक्त शेवटची काही मिनिटं असतात. दुबईत जमिनीवर विमान हलवणारा वेगळा, उड्डाणाची परवानगी देणारा वेगळा. मग मस्कतची हद्द, मग मुंबईची. मुंबईच्या हद्दीत अरबी समुद्राचा मोठा भाग येतो. किनाऱ्यापासून लांब रडार पोचत नाही, म्हणून तिथे विमानांत अंतर जास्त ठेवतात. रिले शर्यतीतल्या काठीसारखं विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं.

मूळ नियम तसा साधा आहे. दोन विमानांत उभं अंतर निदान १,००० फूट, नाहीतर आडवं अंतर काही मैल: विमानतळाजवळ साधारण ३ आणि रडारखालच्या लांबच्या मार्गावर ५ सागरी मैल. दोन्हींपैकी एक तरी हवंच. पण सगळ्यांना लांब लांब ठेवलं तर विमानं उतरणार कधी? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरी २०१८ साली तिथे एका दिवसात हजारावर विमानं चढली-उतरली. गर्दीच्या तासात साधारण सव्वा मिनिटाला एक! हे जमतं ते अंतर अचूक राखल्यामुळे, आणि अंतर राखलं जातं ते शब्दांनी.

कंट्रोलर म्हणतो, "अमुक उंचीवर या." वैमानिक नुसतं "हो" म्हणत नाही. तो आकड्यासकट सगळी सूचना परत म्हणून दाखवतो. आणि ती बरोबर परत आली का, हे ऐकणं कंट्रोलरचं काम. चुकली तर तो लगेच दुरुस्त करतो. म्हणजे ऐकणाऱ्याइतकीच सांगणाऱ्याचीही जबाबदारी. उंचीचे आणि दिशेचे आकडेही सुटे सुटे उच्चारतात, "वन फाइव्ह झीरो" असे. नऊला 'नाइनर' म्हणतात.

हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुकं होतं. एका डच विमानाला पुढच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. सहवैमानिक अशा अर्थाचं बोलला की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. कंट्रोलरनं "ओके" म्हटलं आणि थांबायला सांगितलं. त्याच क्षणी दुसरं विमान सांगत होतं की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, आणि डच विमानात स्पष्ट पोचलं ते फक्त "ओके". ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, असं ठरलं. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

दुसरी घटना आपल्या जवळची. १२ नोव्हेंबर १९९६. आपण नुकतेच अकरावीत गेलो होतो. हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानांची हवेत टक्कर झाली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० वर. कझाक विमानात कंट्रोलरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता. उंची दाखवणारं यंत्र त्याच्यासमोर नव्हतं, वैमानिकांसमोर होतं. विमान १५,००० च्या खाली उतरत गेलं. कंट्रोलरच्या रडारवर जागा दिसायची, उंची दिसायची नाही. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. म्हणजे तोंडानं परत म्हटलं तरी ते ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवं. पुढे येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारी रडार आली, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

आता माझी गोष्ट. ही आजवर फार कमी जणांना सांगितली आहे.

मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत बँकेचं काम करत होते. रात्री दोन वाजता फोनवर एका नवीन मुलाला इंग्रजीत सांगितलं, पंधरा नंबरचा सर्व्हर बंद कर. त्यानं 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' ऐकलं. मी विचारलं, "ओके?" तो म्हणाला, "ओके." सकाळी शाखांचे काउंटर तीन तास ठप्प! मीटिंगमध्ये सगळे त्या पोरावर तुटून पडले. मी मान खाली घालून बसले होते. दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं की चूक माझीही आहे, मी त्याला परत म्हणायला लावलं नाही. तोवर त्याची दुसऱ्या कामावर बदली झाली होती. ती काही मला परत फिरवता आली नाही.

विमानवाल्यांनी यावरही विचार केलेला आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिक आणि कंट्रोलर यांच्याकडून चुकांचे अहवाल गोळा करते. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. शिक्षेची भीती असली की माणूस चूक लपवतो, आणि लपवलेली चूक पुन्हा दुसऱ्या कुणाकडून होते. मी टीमची प्रमुख झाले तेव्हा दोनच नियम केले. महत्त्वाची सूचना परत म्हणून दाखवायची, आणि चूक स्वतः येऊन सांगणाऱ्याला ओरडायचं नाही. दुसरा पाळणं मला अजूनही जड जातं!

आणि आता बाई. आठवतंय ना? गणित सोडवून झालं की त्या कधी "कळलं का?" असं विचारायच्या नाहीत. कारण सगळा वर्ग "होऽऽ" म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या कुणालाही उभं करून म्हणायच्या, "काय कळलं ते सांग." आपण थरथरायचो. पण चुकीचं सांगितलं म्हणून त्यांनी कधी छडी उचलली नाही. म्हणायच्या, "बरं झालं बोललास, म्हणजे माझं सांगायचं कुठे राहिलं ते मला कळलं."

बाई, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. हे मला समजायला कंट्रोलरच्या खोलीपर्यंत जावं लागलं. तुम्ही मात्र ते आम्हाला आठवीतच शिकवत होतात. मला काय कळलं, ते आज सांगितलं. चुकलं असेल तर दुरुस्त करा.