६३ श्रेणीची गाडी : दारे, खिडक्या आणि एक झडप

आगगाडीचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांनी सांगितला जातो. जपानच्या सरकारी रेल्वेच्या ६३ श्रेणीच्या विद्युत-गाडीचा इतिहास मात्र तिच्या दारा-खिडक्यांवरूनच सांगावा लागतो.

१९४४ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, कामगारांची ने-आण करण्यासाठी ही गाडी आखली गेली. डबा २० मीटर लांब, प्रत्येक बाजूस चार दारे, आसने थोडी आणि उभे राहण्यास जागा पुष्कळ. साऱ्याच साहित्याची टंचाई होती. म्हणून विजेचे रोधन कमी केले, छतास लाकूड वापरले, आणि मोठी काच लागू नये यासाठी खिडकीचे तीन भाग पाडून मधला भाग कायमचा बसवून टाकला. युद्ध संपले, परंतु उद्ध्वस्त शहरांतील गर्दी वाहण्यास गाड्या हव्याच होत्या. तात्पुरता आराखडा तसाच चालू राहिला.

२४ एप्रिल १९५१ रोजी त्याची किंमत मोजावी लागली. योकोहामाच्या साकुरागिचो स्थानकाजवळ दुरुस्ती चालू असता वरची विजेची तार खाली लोंबली. येणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ तिच्यात अडकला आणि छत पेटले. हवेच्या दाबावर चालणारी दारे उघडेनात. खिडकीच्या फटीतून अंग बाहेर निघेना. १०६ जण मृत्युमुखी पडले. दारांतील हवा सोडून ती हाताने उघडता येतील अशी झडप गाडीत होती. पण ती दाखवणारी पाटी नव्हती.

त्यानंतर खिडक्या व रोधन सुधारले, डब्यातून डब्यात जाण्यास वाट केली, झडपेपाशी पाटी लावली. सुधारलेले डबे ७३ श्रेणीचे म्हणून ओळखले जाऊ लागले.

परंतु एवढ्याने भागले नाही. ३ मे १९६२ रोजी तोक्योतील मिकावाशिमा येथे रुळांवरून घसरलेल्या मालगाडीवर एक प्रवासी गाडी आदळली. आता झडप ठाऊक झालेले प्रवासी दारे उघडून रुळांवर उतरले. उलट दिशेने येणाऱ्या गाडीस थांबवण्याची सूचना काही मिनिटांत गेलीच नाही, आणि ती त्यांच्यावर येऊन आदळली. या अपघातात १६० जण दगावले. पुढे धोक्याच्या सिग्नलपाशी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा १९६६ पर्यंत राष्ट्रीय रेल्वेच्या सर्व मार्गांवर बसवण्यात आली.

६३ श्रेणीचा एक डबा आज नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात जतन केलेला आहे. त्याची २० मीटर लांबी व चार दारे पुढील उपनगरी गाड्यांनी स्वीकारली. त्याने दिलेला धडा मात्र दुहेरी आहे : सुटकेचे साधन प्रवाशास ठाऊक असले पाहिजे, आणि ते वापरले गेल्याची वार्ता सिग्नल सांभाळणाऱ्यास त्याच क्षणी कळली पाहिजे.