रिपोर्टापलीकडचे दुखणे



गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की थकवा, विसराळूपणा, उदासी येते. गोळीने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो. तरी काही बायका म्हणतात, ‘उठवत नाही.’ घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, मग हे ढोंगच!

डेन्मार्कच्या डॉक्टरांनी या त्रासाचे माप घेण्यासाठी ‘थायप्रो’ नावाची ८५ प्रश्नांची प्रश्नावली केली. पुढे ३९ प्रश्नांची लहान आवृत्तीही निघाली. गेल्या चार आठवड्यांत थकवा, चिंता किती होती, रोजची कामे कितपत जमली, हे रोग्यानेच सांगायचे. गुण ० ते १००. मात्र गुण जास्त तितका त्रास जास्त. आम्हा शिक्षकांना हे जरा उलटेच वाटते!

पण भालकी-आळंदकडे विचारायचे कोणत्या भाषेत? घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. ‘थकवा येतो का?’ म्हटले तर मजुरीची बाई ‘कामाने येणारच’ म्हणेल. जोडीला विचारावे, तेच काम पूर्वी झेपत होते का? अंगात रक्त कमी असेल, तर त्याचाही शोध मग घेता येईल. आपल्या ट्रस्टच्या शिबिरात वजनकाट्याशेजारी तिन्ही भाषा जाणणारी एक बाई बसवावी, असे आम्ही सुचवितो. अक्षरओळख नसेल तिला प्रश्न वाचून दाखवावेत. उत्तर मात्र सासूने वा नवऱ्याने देऊ नये.